ताटातला कांदा दिसतो, पायातली साखळी दिसत नाही



आज जरा कडू लिहिणार आहे. ज्यांना रागवायचं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग रागवावं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसं बँकॉकला जाऊन आलो. आम्ही दोघं, मुलगा-सून, दोन नातवंडं आणि माझ्या वन्सं. 'शुद्ध जैन जेवणाची हमी' अशी जाहिरात असलेली टूर होती. बसमध्ये चाळीस माणसं, त्यातली तीसहून जास्त आपलीच. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, बेळगाव. सोबत आचारी, त्याची भांडी, पिठाचे डबे. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून रोज साडेचारलाच सगळं बघणं आवरून जेवायला धावायचं. आमच्या मॅनेजरनं हे मनापासून पाळलं, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपम्यात कांद्याची एक पात निघाली. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून चमचा बदलला गेला असावा. पण काय गहजब झाला! आम्ही बारा बायका मॅनेजरला घेरून उभ्या राहिलो. "पैसे कशाचे घेतले?" "आमचा नियम मोडला, त्याचं पाप कुणाच्या माथी?" सगळ्यात मोठा आवाज माझा होता. अख्खं पातेलं फेकायला लावलं.

तिसऱ्या दिवशी आम्हाला प्राण्यांच्या खेळाला नेलं. जागेचं नाव लिहीत नाही, कारण अशा जागा एक-दोन नाहीत. हत्ती दोन पायांवर उभे राहिले, फुटबॉल खेळले, सोंडेत कुंचला धरून चित्र काढलं. ओरांगउटान माकडांना चड्ड्या घालून मुष्टियुद्ध करायला लावलं. एका माणसानं मगरीच्या जबड्यात डोकं घातलं. नंतर हत्तीवर बसून फेरी, आणि शेवटी वाघाच्या बछड्याला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजायचं आणि फोटो.

त्याच बारा बायका टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. बछड्याला मांडीवर घेऊन मीही फोटो काढला. तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता, येणारे-जाणारे कौतुक करत होते.

मी जुनी बी.कॉम. सहलीचा हिशेब लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. घरी आल्यावर वही काढली. हत्तीची फेरी, वाघाचा फोटो, प्राण्यांच्या खेळाची तिकिटं, केळ्यांच्या टोपल्या, सात माणसांचे मिळून सतरा हजारांच्या वर गेले. पान उलटलं तर त्याच वर्षीची दुसरी नोंद. पांजरपोळीला जीवदया खात्यात दिलेले रुपये पाच हजार एक. ही दोन पानं शेजारी ठेवली आणि मी सुन्न झाले. जमा-खर्च मांडायला मला कॉलेजनं शिकवलं. यात शिल्लक कुठल्या बाजूला निघते ते कुणालाही कळेल.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत. तोंडपाठ आहेत ना? बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणं-पिणं अडवणं. आता त्या हत्तिणीकडे बघा. पुढच्या पायात साखळी. माहुताच्या हातात अंकुश, कानामागे त्याचे व्रण. शेजारच्या नराचे दात कापलेले. पाठीवर लोखंडी आसन आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यावर चढणारी-उतरणारी माणसं. खेळातल्या हत्तीला केळं मिळायचं ते एक करामत झाल्यावरच. पाचही अतिचार एकाच अंगणात, आणि आम्ही तिकीट काढून रांगेत!

कुणी म्हणेल, अंकुश काही आपण मारला नाही. बायांनो, आपला धर्म इतका सोपा असता तर काय हवं होतं! कृत, कारित, अनुमोदना, हे तिन्ही आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, करणाऱ्याला चांगलं म्हणणं. तिकीट काढलं ते कारित. टाळी वाजवली ती अनुमोदना. त्यातही ही हिंसा पोटासाठी नाही की संसारासाठी नाही. निव्वळ करमणुकीसाठी आहे. जिचं काही प्रयोजनच नाही, तिला आपण अनर्थदंड म्हणतो आणि तिच्यापासून दूर राहायचं व्रत घेतो. उपम्यातला कांदा चुकून आला होता. वाघाचा फोटो मी ठरवून काढला.

हे हत्ती तिथे आले कुठून, हे मी परत आल्यावर वाचलं. जायच्या आधी वाचायला हवं होतं. पूर्वी ते जंगलात लाकडं ओढायचे. १९८८ च्या मोठ्या पुरानंतर १९८९ साली थायलंडनं जंगलतोडीवर बंदी आणली. हत्ती आणि माहूत दोघंही बेकार झाले आणि पर्यटकांकडे वळले. रानातला हत्ती आपणहून माणसाला पाठीवर घेत नाही. तिथल्या जुन्या पद्धतीत पिल्लाला आईपासून तोडून लाकडी खोड्यात जखडतात, उपाशी ठेवतात, मारतात, त्याची जिद्द मोडेपर्यंत. तो 'शहाणा' हत्ती असा तयार होतो. ओरांगउटान तर थायलंडच्या जंगलात नसतातच, ते बोर्निओ आणि सुमात्राचे. चोरून आणलेले ४८ ओरांगउटान २००६ साली थायलंडनं इंडोनेशियाला परत पाठवले. आणि वाघ? कांचनाबुरी प्रांतात एका बौद्ध मठात पर्यटक वाघांसोबत फोटो काढायचे. २०१६ साली सरकारनं तिथून शंभराहून जास्त वाघ हलवले, तेव्हा शीतपेटीत ४० बछड्यांची प्रेतं सापडली. हे वाचल्यावर दिवाणखान्यातल्या त्या फ्रेमकडे मला बघवेना.

आणखी एक गोष्ट, आपल्याला जास्त लागणारी. बँकॉकमध्ये देवळांबाहेर छोट्या पिंजऱ्यांत चिमण्यांसारखे पक्षी विकायला असतात. पैसे द्यायचे, पिंजरा उघडायचा, पुण्य मिळवायचं. आमच्या वन्संनी पाच पिंजरे उघडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांचा भाव खोटा नव्हता. पण मागणी तसा पुरवठा, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. ते पक्षी सोडण्यासाठीच पकडलेले असतात. आपण पाच सोडले की पकडणारा उद्या दहा आणतो. आपल्याकडेही पर्युषणात बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडणारे आहेत. दया मनात असून भागत नाही, व्यवहारात ती कुठे पोहोचते हेही बघावं लागतं.

आता तुमचे प्रश्न. घरात आणि मंडळात मी ते सगळे ऐकले आहेत.

"आपण नाही गेलो तर खेळ बंद पडणार आहे का?" हेच उत्तर खाटकाच्या दुकानाबद्दल आपण कधी देतो का? ते दुकान आपण न गेल्यानं बंद पडत नाही, तरी आपण जात नाही. आणि इथे तर चाळीस जणांची बस आहे, अशा शेकडो बसेस आहेत. आपला समाज टूरवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक आहे. आपल्यासाठी ते आचारी घेऊन विमानात बसतात, मग कार्यक्रमातली एक ओळ खोडणार नाहीत?

"मुलांना प्राणी दिसावेत म्हणून." माझ्या नातवाला तिथे काय दिसलं? हत्ती म्हणजे फुटबॉल खेळणारा, वाघ म्हणजे मांडीवर गुंगीत पडणारा. आपण त्याला पाठशाळेत पंचेंद्रिय जीव शिकवतो आणि सुट्टीत हे दाखवतो.

"हत्तीला आपण केळी तर खायला घातली!" तुरुंगात लाडू वाटले म्हणून कैदी सुटत नाही.

"तू रेशीम नेसतेस ते?" खरं आहे. माझ्या लग्नाचा शालू कपाटात आहे, आणि कोश उकळूनच तो झाला आहे. पण एक दोष आधीच खात्यावर आहे म्हणून दुसरा वाढवावा, हा हिशेब मला कुणी शिकवलेला नाही. बँकॉकला थाई रेशमाच्या दुकानात मात्र मी दाराबाहेर उभी राहिले. एवढं तरी केलं. आमच्या बसमधल्या एकीनं मगरीच्या कातड्याची पर्स घेतली. "ब्रँडेड आहे हो," म्हणाली. तिच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते, कारण विमानातलं जेवण तिला चालत नव्हतं.

आणखी एक आठवण काढते, आणि ती काढताना माझाच आवाज कापतो. २०२५ च्या जुलैत नांदणी मठाची माधुरी जामनगरला गेली तेव्हा आपल्या भागात किती घरांत चूल पेटली नाही. आपण रडलो, मोर्चात चाललो. त्या निर्णयात कोण बरोबर, कोण चूक, यात मी आज जात नाही. पण जे डोळे माधुरीसाठी ओले झाले, तेच डोळे पाच महिन्यांत बँकॉकला दुसऱ्या हत्तिणीच्या पायातली साखळी बघू शकले नाहीत. ती 'आपली' नव्हती म्हणून? जीव आपला आणि परका असा असतो का?

मी बँकॉकला जाऊ नका असं म्हणत नाही. शहर बघण्यासारखं आहे. वाट फो मंदिरातला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध बघताना मला आपल्या भव्य मूर्तींची आठवण झाली. चाओ फ्राया नदीतून होडीनं वाट अरुणला जाणं हा सुंदर अनुभव आहे. आपण डबे घेऊन जातो, पण तिथे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं असतात. चिनी परंपरेतलं ते व्रताचं जेवण. त्यात मांस नाही, अंडं नाही आणि कांदा-लसूणही नाही! फक्त कंदमुळं विचारून घ्यावी लागतात. एरवीच्या भाजीत माशाचा सॉस असू शकतो, म्हणून ही पाटी ओळखून ठेवा. बँगराक भागात जैन मंदिरही आहे. रत्नांच्या व्यापारानिमित्त तिथे राहिलेली आपली माणसं आहेत. आमच्या पाच दिवसांच्या कार्यक्रमात मगरीला दोन तास होते, मंदिराला दहा मिनिटंही नव्हती. आणि हे आम्ही कुणी विचारलंही नाही.

आता मुद्द्यावर येते. आपल्या महिला मंडळाची सहल मे महिन्यात त्याच शहराला निघते आहे. खजिनदार मी आहे. आगाऊ रकमेचा चेक माझ्या सहीसाठी टेबलावर पडून आहे, आणि मी अजून सही केलेली नाही. कार्यक्रमात हत्तीची फेरी आणि 'टायगर फोटो' आहे. ते काढा आणि त्या जागी जैन मंदिर घाला, असं मी टूरवाल्याला कळवलं. तो लगेच तयार झाला, माणशी खर्चही थोडा कमी होतो म्हणाला. अडले आहेत ते आपल्याच काही मैत्रिणींमुळे. "एवढ्या लांब जाऊन वाघ नाही बघायचा?" "तुला फार धर्म कळायला लागला!" एक अक्का तर म्हणाल्या, मी खजिनदारकी सोडावी. सोडेन. पण हा चेक माझ्या सहीनं जाणार नाही.

तुम्ही कुठल्याही टूरला पैसे भराल तेव्हा कांदा-बटाट्याबरोबर इतकंच विचारा. कुठल्या प्राण्यावर बसायचं आहे का? कुठल्या प्राण्याचा खेळ आहे का? कुणाला बांधून, गुंगवून फोटो काढायचा आहे का? हो म्हणाले तर तेवढं वगळा म्हणावं. जेवणासाठी आपण जितक्या जोरात भांडतो, त्याच्या निम्म्या जोरात म्हटलं तरी पुरे.

ती फ्रेम मी परवा भिंतीवरून काढली. मुलगा म्हणाला, "आई, छान फोटो होता की." छानच होता. मी हसत होते त्यात. बछड्याचे डोळे अर्धे मिटलेले होते.

मिच्छामि दुक्कडम् आपण वर्षातून एकदा सगळ्या जीवांना म्हणतो. मी त्या बछड्याला रोज म्हणते आहे.