देवी काढलेल्या दंडाची साक्ष

देव म्हणजे माणसाच्याच सुप्त शक्तीची आभाळावर पडलेली सावली, असं मत पनवेलमध्ये हल्ली व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांपासून वडाळे तलावाच्या काठावरच्या गप्पांपर्यंत ठासून मांडलं जातं. माणूस आपली बुद्धी, दया, सामर्थ्य मोठं करून वर बसवतो आणि त्याच्याच पाया पडतो. स्वतःला ओळखलं की हात जोडायचं कारण उरत नाही. युक्तिवाद एवढाच. तो नवाही नाही. लुडविग फॉयरबाखने 1841 मध्ये ख्रिस्ती धर्माबद्दल हे लिहिलं, पण त्यामागे अभ्यास होता. इथे उरलाय तो दोन तासांच्या वर्गात मावेल एवढा तुकडा.

रायगड जिल्ह्यात हा तुकडा टिकत नाही. चौलला शीतलादेवीचं देऊळ आहे. शीतला ही देवीच्या रोगाची देवता. मराठीत तर रोगाचंच नाव देवी. पोर तापानं फणफणलं, अंगावर फोड उठले की घरातल्या बायका म्हणायच्या, ‘देवी आल्या.’ यात माणसाची कोणती शक्ती मोठी होऊन वर बसली? उशाशी बसलेली आई त्या देवतेला ‘शांत हो’ म्हणून विनवत होती. शीतला हे नावच विनवणीचं आहे.

तो रोग माणसानेच संपवला, असं उत्तर येईल. खरंच संपवला. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. आज साठी ओलांडलेल्यांच्या दंडावर लशीची गोल खूण अजून दिसते, आणि ती लस टोचण्यालाही लोक ‘देवी काढणं’च म्हणत. टोचणाऱ्यापुढे पोराचा दंड धरणारी आई देवळातही गाऱ्हाणं घालायची. एकामुळे दुसरं अडत नव्हतं. पुढे रोग गेला, देऊळ राहिलं. देवी ही भीतीची सावली असती तर भीतीबरोबर गेली असती. माणसाच्या सामर्थ्याची असती तर देऊळ लस टोचणाऱ्याचं झालं असतं.

नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला दिला जातो, वल्ही मारणाऱ्या हातांना नाही. मूर्ती माणसासारखी म्हणून देव माणसाची नक्कल, हा मुद्दा तर सगुण-निर्गुणाच्या वादात केव्हाच झिजून गेला. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला कुठला माणसाचा चेहरा?

मग देव काय? ज्याला माणूस ‘तू’ म्हणून हाक मारू शकतो तो. स्वतःच्या कुवतीला कुणी अशी हाक मारत नाही. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांच्याइतकी कुवत आणि धडाडी किती जणांत असते? तरीही 1879 मध्ये बंड मोडल्यावर ते श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या पायाशी गेले. तिथून उठले आणि पुन्हा माणसं जमवायला लागले.