पट आणि पट्टी

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीवर मात करून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. तो डाव पाहणारे लोक केवळ स्पर्धेच्या सभागृहात बसलेले नव्हते. पटावर खेळी झाली की थोड्याच अवधीत ती मोबाइलवर उमटत होती, आणि गोंदियातल्या विद्यार्थ्याला ती जितक्या लवकर दिसू शकत होती तितक्याच लवकर पुण्या-मुंबईच्या जाणकारालाही. त्या खेळीबरोबर आणखी एक गोष्ट दिसत होती. पटाच्या कडेला उभी असलेली काळी-पांढरी पट्टी आणि तिच्यावरचा आकडा. संगणकाच्या मते पांढऱ्याची बाजू किती वरचढ, काळ्याची किती, हे ती पट्टी क्षणोक्षणी सांगते.

अंतिम सामन्याचे पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. त्यांतील पहिल्या डावात या पट्टीने दिव्याच्या बाजूने मोठे वर्चस्व दाखवले होते. पटावर ते टिकले नाही. जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात, घड्याळाचा काटा दोघींच्याही मानगुटीवर बसला असताना, पट्टी इकडून तिकडे हेलकावे खाऊ लागली. विजय हाती आला असे वाटावे तो एका खेळीने डाव पुन्हा बरोबरीकडे झुकावा, आणि पुढच्या चुकीने तो पुन्हा फिरावा, असे घडत गेले. अखेर काळी मोहरी घेऊन खेळणारी 19 वर्षांची दिव्या जिंकली. या एका विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला आणि ती भारताची 88वी ग्रँडमास्टर ठरली. समोरची 38 वर्षांची हंपी 2002 मध्येच, वयाच्या पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झालेली होती. एवढ्या अनुभवी खेळाडूची अखेरच्या टप्प्यातील चूक घरबसल्या प्रेक्षकाला तिच्याआधी कळली, हीच या नव्या रसिकतेची गंमत आहे. तिच्यातला धोकाही तोच.

ही पट्टी सांगते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. स्टॉकफिशसारखा संगणकीय कार्यक्रम (बुद्धिबळाच्या परिभाषेत ज्याला इंजिन म्हणतात) एका सेकंदात लाखो स्थिती तपासतो आणि दोन्ही बाजूंनी यापुढे सर्वोत्तम खेळ होईल असे गृहीत धरून निष्कर्ष काढतो. गोम त्या गृहीतातच आहे. पट्टी पांढऱ्याचा निर्विवाद विजय दाखवत असेल, परंतु तो विजय एकाच चिंचोळ्या वाटेने गाठता येत असेल आणि त्या वाटेवरच्या सात-आठ खेळ्यांपैकी एक जरी चुकली तरी डाव हातचा जात असेल, तर ते पट्टीवर दिसत नाही. वाट किती बिकट आहे, घड्याळात किती मिनिटे उरली आहेत, खेळाडू किती तास बसून आहे, यांपैकी कशाचीही नोंद त्या आकड्यात नसते. 1997 च्या मे महिन्यात डीप ब्लू या यंत्राने कास्पारॉव्हला हरवले तेव्हापासून यंत्र माणसापेक्षा सरस खेळते की काय या वादाचा निकाल लागत गेला. आज त्याबद्दल कोणाला शंका नाही. माणसाचा खेळ यंत्राच्या मापाने मोजावा काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाचा चौदावा आणि अखेरचा डाव चालू होता. डिंग लिरेनने 55व्या खेळीला हत्ती अशा घरात नेला की हत्तींची आणि पाठोपाठ उंटांची अदलाबदल अटळ झाली, व उरलेला प्याद्यांचा डाव डी. गुकेशला जिंकता येण्याजोगा होता. जगभरच्या प्रेक्षकांच्या पट्टीने तत्क्षणी कोसळून ते सांगितले. गुकेशला मात्र ते क्षणभराने उमगले. पट्टी पाहणाऱ्याला उत्तर मिळाले होते. गुकेशला तेथे उत्तर आहे हेच आधी शोधावे लागले, आणि मग ते गणित स्वतः सोडवून खात्री करावी लागली. त्यानंतर डिंगच्या खेळीला बाळबोध चूक म्हणणाऱ्यांची जी झुंबड उडाली, तिच्यातल्या किती जणांना पट्टी झाकून ती चूक दाखवता आली असती? गाईडातले उत्तर वाचून गणिताच्या मास्तरांची चूक काढणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. त्याची चूक काढणे बरोबर असते. त्याला गणित येत नसते.

यावर कोणी जुन्या दिवसांचे गोडवे गाईल. 1972 मध्ये रेक्याविक येथे फिशर आणि स्पास्की खेळत असताना वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी आलेल्या खेळ्या पटावर मांडून पाहणारा वाचक पुढची खेळी स्वतः विचार करून ठरवीत असे, हे खरेच. परंतु त्याने ठरवलेली खेळी चूक की बरोबर, हे सांगणारे गोंदियासारख्या गावी कोण होते? विश्लेषणाची मक्तेदारी मोठ्या शहरांतल्या मंडळांकडे आणि थोड्या जाणत्यांकडे होती. दिव्यासारख्या खेळाडूच्या तयारीत जी इंजिने वापरली जातात, तशाच ताकदीचे इंजिन आज देवरी किंवा सालेकशाच्या मुलालाही मोबाइलवर फुकट मिळते. ज्ञानाची एवढी समान वाटणी या खेळात पूर्वी कधी झाली नव्हती.

वाटणी न झालेल्या गोष्टी निराळ्या आहेत. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख हे तिघेही ग्रँडमास्टर नागपूरचे. गोंदिया तेथून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. मानांकन मिळवून देणाऱ्या स्पर्धा, त्यांचे शुल्क, तेथवर जाण्याचा खर्च, सोबत येणारे वडीलधारे माणूस (बाटुमीत दिव्याची आई तिच्यासोबत होती), चूक झाल्यावर समोर बसून कारण विचारणारा प्रशिक्षक, यांपैकी काहीही मोबाइलवर उतरवून घेता येत नाही. भातरोवणीच्या दिवसांत, घरचे सगळे बांधीत असताना, मुलाला तीन दिवसांच्या स्पर्धेला नागपुरास कोण नेणार? महाराष्ट्र शासनाने दिव्याला 3 कोटी रुपयांचे पारितोषिक दिले ते योग्यच झाले. त्याच्या शतांश रकमेत, म्हणजे 3 लाखांत, जिल्ह्याच्या एखाद्या शाळेत पट, घड्याळे आणि बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाचे भाडे यांची काही वर्षांची सोय लागू शकेल, हा हिशेब कारकुनाने सहज मांडावा असा आहे.

इंजिनाच्या सुलभतेने आणखी एक दुखणे आणले आहे. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील सिंकफील्ड चषकात हान्स नीमनकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसनने स्पर्धा सोडली आणि संशयाचे मोहोळ उठले. त्या फेरीत फसवणूक झाल्याचा पुरावा पुढे आला नाही. पण आयोजकांनी प्रक्षेपण 15 मिनिटे उशिरा दाखवण्यास सुरुवात केली. प्रेक्षकाच्या हातातले यंत्र खेळाडूपर्यंत पोचू नये म्हणून प्रेक्षकालाच थोडे मागे ठेवावे लागले.

शाळांतून हा खेळ शिकवणाऱ्या शिक्षकांना याच उशिराचा उपयोग करून घेता येईल. मोठा डाव चालू असताना पट्टी झाकावी, मुलांनी आपापली खेळी आणि तिचे कारण वहीत लिहावे, आणि डाव संपल्यावरच इंजिन उघडावे. त्याला खर्च पडत नाही. विजयानंतर खुद्द दिव्याने, आपल्याला अंत्यडावाचा अभ्यास केला पाहिजे, असे हसत सांगितले होते. त्या वेळी पट्टी तिच्या बाजूने पूर्ण भरलेली होती.