पऱ्हाटीचं टेन्शन

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या! आपल्याला सबमिशनचं टेन्शन, तसा पऱ्हाटीला पाण्याचा ताण. २०१६ ला लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. शेतासाठी कोण आणणार?

पावसाने ताण दिला की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं, पानांची छिद्रं मिटतात, काही जनुकं चालू होतात, वाढ मंदावते. चक्क कंट्रोल सिस्टीम! 'ड्रेब' हे असंच एक नियंत्रक जनुक. मोहरीच्या कुळातल्या एका रोपात ते कायम चालू ठेवलं, तर रोपाने दुष्काळ सोसला, पण ते खुजं राहिलं. म्हणजे स्वीच गरजेपुरताच हवा.

२००२ साली आलेल्या बीटी कापसातलं जनुक बोंडअळीसाठी होतं, कोरडवाहूसाठी नाही. शिवाय बियाणं संकरित, दरवर्षी विकतचं. आमच्याकडे दुबार पेरणीच्या वर्षी बाबांनी माझी फी आधी भरली आणि दुसऱ्यांदा बियाणं उधारीवर आणलं.

म्हणून माझं मत असं : ताण सोसणारं जनुक आलंच, तर ते आधी नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रासारख्या सरकारी ठिकाणाहून, सरळ वाणात यावं. घरचं बी राखून पेरता आलं, तरच बाबांचंही टेन्शन कमी होईल. पटतंय का?