मांजर पळालं, याची बातमी होत नाही

मंडळी, आज जरा वेगळा विषय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

गेल्या बाजाराच्या दिवशी आमच्या मोतीला रेबीजची लस द्यायला गुरांच्या दवाखान्यात गेलो होतो. शेजारी एक आजी बसलेल्या. मांडीवर बाजाराची पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं, आत पायाला जखम झालेलं मांजर. चार फुटांवर खोड्यात बैल अडकवलेला, दोन कुत्री एकमेकांवर भुंकतायत, गेटवर टेम्पोचा हॉर्न. तासाभराने आजींचा नंबर आला. गुळगुळीत पत्र्याच्या टेबलावर पिशवी सोडली आणि मांजराने आजींचं मनगट ओरबाडून खिडकीतून उडी मारली. जखम तपासायची राहिलीच, उलट आजींनाच रेबीजच्या सुईसाठी ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत उभं राहावं लागलं.

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र लाज वाटली.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "माणसांच्या दवाखान्यात डॉक्टर मिळेना आणि पत्रकारसाहेबांना मांजराच्या भीतीची पडलीय!" म्हणून आधीच सांगतो, हा लाडाकोडाचा विषय नाही. हा तुमच्या-माझ्या पोरांचा विषय आहे.

कसा? जनावर एकदा दवाखान्यात घाबरलं की दुसऱ्या वेळी गेट दिसताच पाय रोवतं, चावायला धावतं. मग मालक म्हणतो, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष येत नाही आणि लस चुकते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुत्र्याला वर्षाची सुई का चुकली, हे कुणी विचारत नाही. माझ्या माहितीतल्या निम्म्या घरांत उत्तर एकच: "तो तिथं आवरत नाही हो."

दुसरी गोष्ट. घाबरलेल्या जनावराची तपासणी खरी होत नाही. ठोके वाढतात, ताप वाढलेला दिसतो, मांजराच्या रक्तातली साखरसुद्धा नुसत्या भीतीने चढते. म्हणजे डॉक्टर आजार तपासतायत की भीती, हेच कळत नाही. अमेरिकेत मार्टी बेकर नावाच्या पशुवैद्यकांनी 2016 मध्ये 'फिअर फ्री' नावाने डॉक्टरांना याचंच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आपल्याला तिकडचे काचेचे दवाखाने नकोत. त्यातली अक्कल तेवढी घेऊ.

डॉक्टरांवर माझा राग नाही. एक माणूस, डझनभर गावं, वर लसीकरणाच्या मोहिमा आणि कागदपत्रं. राग आहे तो व्यवस्थेवर. दवाखान्याच्या कंपाउंडला रंग द्यायला पैसे मिळतात, पण टेबलावर पाय घसरू नये म्हणून एक रबरी मॅट मिळत नाही. सरकारने 1962 या नंबरावर फिरतं पथक सुरू केलं. जनावराला त्याच्या गोठ्यात तपासणं बरं, हे सरकारलाही कळतं. मग दवाखान्याच्या आवारातच हे शहाणपण कुठे जातं?

माझ्या मागण्या चार आहेत. जिल्हा परिषद सदस्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

1. आठवड्यातून दोन दिवस, एक तास फक्त कुत्र्या-मांजरांसाठी. त्या वेळात खोड्यात गुरं नकोत.
2. टेबलावर रबरी मॅट.
3. बाहेर झाडाखाली किंवा पत्र्याखाली लांब-लांब बसायची सोय आणि नंबर आल्यावर हाक.
4. रिकाम्या जागा भरा. एका डॉक्टरमागे पन्नास जनावरं उभी असतील तर हळुवारपणा कुठून येणार?

आणि आपलं काय? आपणही काही कमी नाही. "गप बस, नाहीतर सुई देतो" असं कुत्र्याला बोलणारे आपणच. मांजराला पोत्यात कोंबणारे आपणच. भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून बांधले की झाली पेटी. ती आठवडाभर आधी घरात उघडी ठेवा, आत जुनी साडी अंथरा, तिथंच खायला द्या. नेताना वरून टॉवेल झाका. कुत्र्याला अधूनमधून काही काम नसताना दवाखान्याच्या गेटपर्यंत फिरवून आणा, एक बिस्किट द्या, परत या. तोंडाला जाळी लावायची सवय घरीच करा. फारच बिथरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध असतं. माणसाची गोळी मात्र मनाने देऊ नका.

आजींचं मांजर तिसऱ्या दिवशी आपणहून घरी आलं, लंगडत. मी आजींना विचारलं, "परत नेऊ या का दवाखान्यात?" त्या म्हणाल्या, "नको रे बाबा, मरेल तर घरी तरी मरेल."

हे वाक्य मला झोपू देत नाहीये. पटलं तर शेअर करा. सोमवारी अकरा वाजता पंचायत समितीत निवेदन द्यायला जातोय. येणाऱ्यांनी यावं. जनावरं आणू नका, सह्या आणा.