मुलांना दाखवायचे ब्रिटन कोणते?

२०२० साली करोनाच्या साथीने ब्रिटनमधील शाळा बंद पडल्या, शालेय सहलींच्या बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या सहलीला एकाएकी भाव आला. राजवाडे, किल्ले, वस्तुसंग्रहालये यांची दालने चित्ररूपाने इंटरनेटवर त्याआधीच येऊन बसली होती. ब्रिटिश म्युझियमच्या दालनांतून तर २०१५ सालापासूनच घरबसल्या फिरता येत होते. साथ ओसरली, शाळा उघडल्या, परंतु आभासी सहल मात्र शाळेच्या व्यवहारात मुक्कामाला राहिली. आज लंडनपासून लातूरपर्यंत कोणतेही मूल तासाभरात ‘ब्रिटन पाहून’ परत येऊ शकते.

यात मुळात वावगे काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला ज्या साधनामुळे किल्ल्याच्या तटावर उभे राहिल्याचा आनंद मिळतो, त्या साधनाला नावे ठेवणे हा शुद्ध अडाणीपणा होईल. तक्रार साधनाबद्दल नसून, त्या साधनाने मुलांना ज्या वाटेने नेले जाते त्या वाटेबद्दल आहे.

ही वाट बहुधा ठरलेली असते. बिग बेनचे घड्याळ, बकिंगहॅम राजवाड्यापुढील पहारेकऱ्यांची बदली, टॉवर ऑफ लंडनमधील मुकुट, टेम्सवरचा पूल, दुमजली लाल बस, एडिंबरोचा किल्ला, स्टोनहेंजच्या शिळा आणि शेवटी चहा व केक. ‘ब्रिटिश संस्कृती’ या नावाखाली मुलांच्या पदरात पडते ते एवढेच. जवळजवळ सात कोटी लोकवस्तीच्या या देशात कोणी कोळसा खणला, कोणी सूत कातले, कोणी गोदीत ओझी वाहिली, याचा मागमूसही या वाटेवर सापडत नाही. तेथे राजे आहेत, राण्या आहेत, त्यांचे कुत्रे आणि घोडेही आहेत; प्रजा तेवढी नाही.

याचे कारण कोणाच्या दुष्ट हेतूत शोधण्याची गरज नाही. बकिंगहॅम राजवाड्याच्या दालनांची आभासी सहल राजघराण्याचा संग्रह सांभाळणारा न्यासच तयार करून देतो. कामाच्या ओझ्याने वाकलेला शिक्षक जे तयार आणि फुकट मिळते ते उचलतो. ज्याचा वाडा, त्याचाच वाटाड्या, असा हा मामला आहे; आणि धन्याच्या वाटाड्याने पाहुण्यांना आधी तळघरात न्यावे, अशी अपेक्षा करणेही भाबडेपणाचे ठरेल. म्हणूनच वाट ठरविण्याचे काम वाटाड्यावर सोपवून शिक्षणाला मोकळे होता येणार नाही.

टॉवर ऑफ लंडनमधील दालनाचेच उदाहरण घ्यावे. सहावे जॉर्ज यांच्या राणीसाठी १९३७ साली घडविलेल्या मुकुटात कोहिनूर बसविलेला आहे. मुलांना सांगितले जाते की तो फार मोठा आणि फार जुना हिरा आहे. तो तेथे आला कसा? १८४९ साली पंजाब खालसा करताना झालेल्या लाहोरच्या तहात, हा हिरा इंग्लंडच्या राणीला देण्याचे कलमच घातले होते. ज्याच्या सहीने हा तह पक्का झाला तो महाराजा दुलीपसिंग त्या वेळी अवघा दहा वर्षांचा होता, आणि त्याची आई जिंदकौर हिला त्याच्यापासून आधीच तोडून कैदेत टाकलेले होते. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हिरा मांडला गेला. त्याचे तेज लोकांच्या डोळ्यांत भरले नाही म्हणून पुढच्याच वर्षी तो नव्याने कापून १८६ कॅरटचा सुमारे १०६ कॅरटवर आणला. पडद्यासमोर बसलेले मूलही दहा-अकरा वर्षांचेच असते. दहा वर्षांच्या पोराने तुरुंगातल्या आईवाचून केलेल्या सहीला सही म्हणावे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे टाकला तर कोणत्याही इतिहासकाराच्या मदतीवाचून ते त्याचे उत्तर देईल. टॉवरने स्वतः २०२३ साली आपली मांडणी बदलली तेव्हा कोहिनूर हे जिंकून घेतल्याचे चिन्ह असल्याचे तेथे नमूद केले, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पण मग खुद्द किल्ल्याला जे सांगताना संकोच वाटत नाही, ते मुलांच्या सहलीतून गळून पडावे हे नवल नव्हे काय?

यावर एक ठराविक उत्तर तयार असते. मुलांची मने कोवळी असतात, त्यांच्यापुढे लूट, गुलामगिरी आणि रक्तपात मांडू नये, असे ते उत्तर. हे उत्तर देणाऱ्यांनी एकदा त्याच टॉवरमध्ये मुलांना काय काय दाखविले जाते याची यादी करावी. आठव्या हेन्रीच्या दोन राण्यांची मुंडकी जेथे उडविली ती जागा दाखविली जाते, छळाची यंत्रे दाखविली जातात, आणि कोणत्या राणीचा शेवट कसा झाला हे इंग्रज मुले चालीवर पाठ म्हणतात. कोवळ्या मनांना रक्त चालते. चालत नाही तो हिशेब. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपविण्यात आली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, ती गुलामांच्या मालकांना. गुलामांच्या हाती दमडीही पडली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या गोंडस नावाखाली त्यांतील बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे देणे ब्रिटिश करदात्यांनी फेडले ते २०१५ साली, म्हणजे ब्रिटिश म्युझियमची दालने इंटरनेटवर खुली झाली त्याच वर्षी! त्या म्युझियमचा पाया ज्याच्या संग्रहावर १७५३ साली घातला गेला त्या हॅन्स स्लोनच्या संपत्तीत, त्याच्या पत्नीकडून आलेल्या जमेकातील उसाच्या मळ्यांचे उत्पन्न होते. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० साली आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा गुलामगिरीशी व वसाहतींशी असलेला संबंध एका अहवालात नोंदविला, तेव्हा हुजूर पक्षाच्या खासदारांनी केवढा गहजब केला! धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाकडे तक्रारी गेल्या. ट्रस्टने कायदा मोडलेला नाही, असा निर्वाळा आयोगाने २०२१ साली दिला. जमाखर्च उघडून दाखविणे एवढाच ज्यांचा अपराध, त्यांच्यामागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागते. अशा वातावरणात मुलांच्या सहली निरुपद्रवी होत जातात यात आश्चर्य कसले?

पण साम्राज्याच्या लुटीची गोष्ट सांगितली म्हणजे सगळे काम झाले, असेही मानण्याचे कारण नाही. या वाटेवरून ब्रिटनचा स्वतःचा कामकरी माणूसही तितकाच हद्दपार झालेला आहे. बिग बेनचे ठोके प्रत्येक मूल ऐकते. ती पावणेचौदा टनांच्या आसपास वजनाची घंटा १८५८ साली ओतली गेली ती पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेलच्या घंटांच्या कारखान्यात. शतकानुशतके घंटा ओतणारा तो कारखाना २०१७ साली बंद झाला, आणि त्या जागेवर हॉटेल उभारण्याच्या योजनेला २०२१ साली सरकारी मंजुरी मिळाली. घंटा स्मारक झाली, ती ओतणाऱ्यांची भट्टी विकाऊ जमीन झाली.

व्हाइटचॅपेलहून थोडे पूर्वेला गेले की बो ही वस्ती लागते. तेथल्या ब्रायंट अँड मे कंपनीच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यात १८८८ च्या जुलैत सुमारे चौदाशे कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य मुली आणि तरुण स्त्रिया होत्या, काम बंद केले. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने जबड्याचे हाड सडत असे. वर बारीकसारीक कारणांवरून मजुरीतून दंड कापला जाई. त्यांची दैना वर्तमानपत्रातून वेशीवर टांगणारी बाई होती ॲनी बेझंट, म्हणजे पुढे १९१७ साली ज्या हिंदी राष्ट्रसभेच्या अध्यक्षा झाल्या त्याच. संप जिंकला गेला, दंड रद्द झाले. आज त्या कारखान्याच्या इमारतीत ऐपतदारांचे फ्लॅट आहेत. याच बो वस्तीत, गोरगरिबांच्या किंग्जली हॉलमध्ये, गांधीजी १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी राहिले. राजधानीतील बडी हॉटेले त्यांना बंद नव्हती; त्यांनी ही जागा निवडली ती समजूनउमजून. ब्रिटन पाहायचे तर कोठून पाहायचे, याचा धडा त्या निवडीत आहे.

मँचेस्टरची कथा यापेक्षा निराळी नाही. १८१९ च्या १६ ऑगस्टला सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागण्यासाठी जमलेल्या सुमारे साठ हजार निःशस्त्र लोकांवर घोडदळ घालण्यात आले. डझनाहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. त्याच जागेवर पुढे फ्री ट्रेड हॉल उभा राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, घराघरांत उपासमार सुरू झाली. त्या दिवसांत, १८६२ च्या ३१ डिसेंबरला, याच सभागृहात भरलेल्या सभेने गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळविला. लिंकनने पुढच्या महिन्यात मँचेस्टरच्या कामगारांना उलट पत्र लिहून त्यांच्या त्यागाची थोरवी मान्य केली. याच कापूसटंचाईत मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हिंदी कापूस विकून अमाप पैसा केला आणि १८६५ साली युद्ध संपताच त्यांचे सट्ट्याचे मनोरे कोसळले. म्हणजे मुंबईच्या भरभराटीची एक बाजू लँकेशायरच्या रिकाम्या चुलींत होती. हे ज्या मुलाला समजले त्याला ‘इंग्रज’ हा एकजिनसी शब्द वापरताना पुढे सदैव अडखळायला होईल, आणि तसे व्हायलाच हवे. फ्री ट्रेड हॉलचेही आता हॉटेल झाले आहे, हे सांगायला नकोच. दुसरीकडे, बकिंगहॅम राजवाड्याच्या नळ, तारा आणि उष्णतायंत्रणा बदलण्यासाठी २०१७ साली ३६.९ कोटी पौंडांची दहा वर्षांची योजना सार्वजनिक पैशातून सुरू झाली. जतन कशाचे करायचे आणि विकायचे काय, याचा निर्णय आधी होतो. मुलांच्या सहली मग जे उरले त्यातून आखल्या जातात.

महाराष्ट्रातील शिक्षकाला या बाबतीत परक्याकडून काही शिकण्याची आवश्यकता नाही. १८८८ सालीच, म्हणजे बोच्या मुलींनी संप केला त्याच वर्षी, व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जडजवाहीर ल्यालेल्या पाहुण्यांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात जाऊन बसले, आणि येथे जमलेले हे लोक म्हणजे राणीची प्रजा नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जाऊन पाहा, असे त्यांनी राजपुत्राला स्पष्ट सुनावले. जोतीरावांचा हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू होतो. जवाहिरे घातलेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, तसाच मुकुट घातलेला राजा म्हणजे ब्रिटनही नव्हे. परंतु आपल्याकडील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत लाल बसच्या चित्रापुढे मुले उभी केली जातात, चहाच्या कपाचा कान धरण्याची रीत शिकविली जाते, आणि त्या कपातील चहा आसामच्या मळ्यांत कोणी खुडला, साखर कॅरिबियन बेटांवर कोणी पिकविली, ही गोष्ट शिष्टाचाराच्या तासात बसत नाही. एकीकडे हा भाबडा दिपून जाण्याचा प्रकार, तर दुसरीकडे इंग्रज तेवढा लुटारू असे म्हणून सगळ्या देशावर फुली मारणारे देशाभिमानी. दोघांच्याही ब्रिटनमध्ये एकच माणूस राहतो, तो म्हणजे राजवाड्यातला. १९३१ साली गांधीजी लँकेशायरमधील डार्वेनला गेले तेव्हा, परदेशी कापडावरील बहिष्काराने ज्यांच्या कामावर घाला आला होता त्या गिरणी कामगारांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. या दोन्ही पंथांना त्या घटनेचा अर्थ लावता येणार नाही.

आणखी एका धोक्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ब्रिटनमधील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांचा प्रवेश डिसेंबर २००१ पासून सर्वांना विनामूल्य झाला. मजूर पक्षाच्या सरकारने केलेल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी हे एक. पण दाराशी पैसे लागत नसले तरी दारापर्यंत पोहोचायला लागतातच. शाळांच्या तिजोरीत खडखडाट झाला की बसचे भाडे प्रथम कापले जाते. मग श्रीमंतांच्या शाळांतील मुले प्रत्यक्ष जातील आणि गरिबांच्या मुलांपुढे पडदा लावला जाईल. ‘सहल झाली’ अशी नोंद मात्र दोन्ही दप्तरांत सारखीच होईल. आभासी सहल ही न जाता येणाऱ्यांसाठीची सोय राहिली तर ती स्वागतार्ह आहे. न नेण्याची सबब ती होऊ लागली की तिला विरोध करणे हे पालकांचे आणि शिक्षक संघटनांचे कर्तव्य ठरते.

कारण मोकळ्या रानात पाय ठेवण्याचा हक्क सुद्धा ब्रिटनच्या कामकऱ्यांना कोणी बहाल केलेला नाही. मँचेस्टरजवळचे किंडर स्काउट हे पठार सहलींच्या पडद्यावर हिरवेगार आणि निवांत दिसते. १९३२ साली ते ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या शिकारीचे खासगी रान होते. त्या वर्षीच्या २४ एप्रिलला, रविवारी, काही शे तरुण, ज्यांत मँचेस्टरच्या कामगारांचा मोठा भरणा होता, रखवालदारांना न जुमानता त्या पठारावर चढले. त्यांतील पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ साली तो डोंगराळ मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००२ साली त्या ड्यूकच्या नातवाने आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. एवढे होऊनही, २००० च्या कायद्याने वाटेबाहेर मुक्त फिरण्याचा हक्क मिळाला तो इंग्लंडच्या अवघ्या आठ टक्के भूमीवर. मँचेस्टरच्या शाळेतील मुलांना या पठारावर नेऊन संध्याकाळी घरी आणायला एक दिवस आणि एक बस पुरते.