टँकर येतो, पण पाणी जाते कुठे?

उन्हाळा लागला की वाघोलीत एकच विषय असतो, तो म्हणजे टँकर. किती आले, कितीला पडले, आज का चुकला! परंतु हे पाणी वापरून झाल्यावर जाते कुठे, असे विचारणारा गृहस्थ क्वचितच भेटतो. डॉक्टरच्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

साधा हिशेब करू. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रचलित मानक आहे. शंभर सदनिकांत चारशे माणसे धरली तर रोजचे ५४ हजार लिटर झाले. यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर आत आले की चार टँकर मैलापाणी बाहेर पडते.

सेप्टिक टँक आहे ना, मग काळजी कसली, असे काहींना वाटते. पण टाकीत गाळ तेवढा खाली बसतो. वरचे पाणी रोगजंतूंसह शोषखड्ड्यात जाते. आपली जमीन काळ्या पाषाणाची. इथल्या दगडखाणींत खडकाच्या भेगा उघड दिसतात. मातीतून पाणी गाळले जाते, भेगांतून ते तसेच वाहते आणि शेजारच्या बोअरला मिळू शकते. दिसायला स्वच्छ असलेले हेच पाणी मग विषमज्वर, हगवण आणि कावीळ घेऊन येते. 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

वाघोलीबरोबरच जून २०२१ मध्ये नांदेड आणि किरकटवाडी ही गावे पुणे महापालिकेत आली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील त्याच भागात जीबीएसची साथ उद्भवली. हातापायांतले बळ जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. गाव महापालिकेत गेले म्हणून पाणी आपोआप शुद्ध होत नाही, हा त्यातला धडा.

मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे ही महापालिकेची जबाबदारी आहे. आपण कर भरतो. ती ठणकावून मागावीत. परंतु मोठ्या संकुलांत स्वतःचे केंद्र बांधलेले असूनही वीजबिल वाचवण्यासाठी ते बंद ठेवले जाते, त्याचे काय? या केंद्रात घाण खाण्याचे काम जिवाणू करतात. त्यांना ब्लोअरने सतत हवा लागते. ब्लोअर बंद पडला की उपयोगी जिवाणू गुदमरतात, दुर्गंधी सुटते आणि जसे आत आले तसेच पाणी बाहेर नाल्यात जाते. पुढे मुळा-मुठेतून ते भीमेला मिळते. तिथेही माणसेच राहतात.

यात बचत तरी कुठे आहे? नीट प्रक्रिया केलेले पाणी पिण्यास नव्हे, पण फ्लशला आणि बागेला चालते. १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशसाठीच धरलेले असतात. चारशे माणसांचे १८ हजार लिटर, म्हणजे रोजचे जवळजवळ दोन टँकर! अट एवढीच, की या पाण्याची नळवाहिनी पूर्ण वेगळी असावी.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. ब्लोअर रोज किती तास चालतो? बाहेर पडणारे पाणी प्रयोगशाळेत शेवटचे कधी तपासले? ते जाते कुठे?

आणखी एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीतच एका गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीची सफाई करताना कामगार गुदमरून दगावले. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक सफाईला उतरवण्यास बंदी आहे. टाकी यंत्रानेच उपसून घ्या.

टँकरचे वा बोअरचे पाणी उकळूनच प्या. पण घराघरातील पातेले हा तात्पुरता उपाय झाला. खरे औषध संकुलाच्या तळघरात, बंद पडलेल्या ब्लोअरपाशी आहे. ते सुरू करायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.