उसाच्या गावात पानांचे अर्क

बायोकेमिस्ट्रीच्या पोरांचे प्रोजेक्ट आले की विषय न वाचताच सांगता येतो. अमुक झाडाच्या पानांचा अर्क, आणि त्याने अल्फा-अमायलेज या एन्झाइमला किती टक्के अडवलं! जांभूळ झालं, कडुलिंब झाला, आता गुळवेल. निष्कर्ष ठरलेलाच: 'मधुमेहावर उपयुक्त'.

प्रयोग सोपा आहे. स्टार्चवर अमायलेज सोडायचं, सुटलेली साखर डीएनएस घालून उकळायची आणि नारिंगी-तांबडा रंग ५४० नॅनोमीटरला मोजायचा. रंग कमी, म्हणजे एन्झाइम अडलं. अहो, पण अर्कात स्वतःची साखर असते, स्वतःचा रंगही असतो. एन्झाइम न घालता नुसत्या अर्काची वेगळी नळी ठेवली नसेल तर तो आकडा कशाचा? त्यात टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. त्याने अमायलेज अडलं म्हणून ते औषध ठरतं का? आणि असा निष्कर्ष वाचून कुणी गोळ्या सोडल्या तर?

पण माझं खरं भांडण विषयाच्या निवडीशी आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, सगळीकडे कारखान्यांचे बॉयलर पेटतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की इन्व्हर्टेज हे एन्झाइम त्यातली साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत बसतं. त्यांचे दाणे होत नाहीत, उलट मळी वाढते. उतारा घटतो. २०२५-२६ च्या एफआरपीत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होते, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला साडेचौतीस रुपये! उतारा मोजतात अख्ख्या कारखान्याचा, त्यामुळे एकाच्या वाळलेल्या उसाचा तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो.

गंमत म्हणजे १९१३ साली मिकेलिस आणि मेंटेन यांनी ज्या एन्झाइमवर आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं, ते इन्व्हर्टेजच होतं. साखर फुटताना प्रकाश किती वळतो हे त्यांनी पोलरीमीटरवर मोजलं. आपली पोरं ते समीकरण पाठ करतात आणि तसलंच यंत्र जवळच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज 'पोल' मोजत असतं!

'हे मोठ्या संस्थांचं काम' असं कुणी म्हणेल. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेने सोडियम मेटासिलिकेटसारखी इन्व्हर्टेजला अडवणारी रसायनं तपासलीही आहेत. पण मार्चच्या उन्हात इंदापूरच्या फडातला को ८६०३२ चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी किती बिघडतो, हे मोजायला मोठी संस्था कशाला हवी? बर्फ, बफर, वॉटरबाथ आणि तेच डीएनएस पुरे. उसाच्या रसात मुळातच साखर असल्याने कोरी नळी का ठेवायची, हेही पोरांना न शिकवता कळेल.

मधुमेहावर काम करू नका, असं मी म्हणत नाही. करायचं तर नीट करा. नाहीतर दाराशी उभ्या असलेल्या उसाकडे बघा. तिथे चुकीचा आकडा लपत नाही, काट्यावर आणि बिलात दिसतो.